वनस्पतिजन्य घटकांची मोट : चेहऱ्यावर काय कशाबरोबर लावावं, काय टाळावं?

निशिगंधा
नमस्कार मंडळी. सुट्या सुट्या घटकांची माहिती भरपूर मिळते. पण ते सगळे एकाच चेहऱ्यावर एकत्र नांदायला लागले की काय होतं, यावर कोणी धड बोलत नाही, म्हणून हा धागा.

माझं सध्याचं असं आहे : सकाळी फेरुलिक ॲसिड घातलेलं क जीवनसत्त्वाचं सीरम, वर ग्रीन टीच्या अर्काचं मॉइश्चरायझर. रात्री विलो बार्कचं टोनर, मग बाकुचिओल, शेवटी रोझहिप तेल आणि त्यात लव्हेंडरचे एकदोन थेंब. मधूनमधून पपईच्या एन्झाइमचा मास्क. आता डागांसाठी अझेलेइक ॲसिड आणि ज्येष्ठमधाचा अर्क यांपैकी एक किंवा दोन्ही घ्यावं म्हणतेय.

'हे ह्याच्याबरोबर लावू नका' छापाचे तक्ते बघून डोकं गरगरलं. एका तक्त्यात क जीवनसत्त्व आणि नायसिनमाइड (ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप) हाडवैरी, तर दुसऱ्यात त्यांचं मेतकूट. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकासुर
प्रकाशावरून आठवलं, यादीत सनस्क्रीन दिसत नाही ते?

निशिगंधा
उन्हात फारशी जात नाही म्हणून रोज लावत नाही. शिवाय रोझहिप तेलातच नैसर्गिक एसपीएफ असतो असं वाचलं होतं.

शंकासुर
घ्या! बियांच्या तेलांचा 'नैसर्गिक एसपीएफ' ही अफवा काही मरत नाही. कुठल्याच वनस्पती तेलावर सनस्क्रीन म्हणून विसंबता येत नाही. आणि 'नैसर्गिक' या शब्दाचं म्हणाल तर खाजकुइलीही नैसर्गिकच असते हो.

रसायनी
निशिगंधा, चांगला धागा. मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी त्या तक्त्यांबद्दल. त्यातल्या बऱ्याच जोड्या 'बाटलीत' एकत्र ठेवल्या तर काय होईल या भीतीतून आल्यात. नायसिनमाइड आणि क जीवनसत्त्व हे ठळक उदाहरण. नायसिनमाइडचं निकोटिनिक ॲसिड होऊन चेहरा लाल होतो म्हणे. तसं व्हायला भरपूर उष्णता किंवा तीव्र पीएच (आम्लतेचं माप, अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त) लागतो, आणि वर वेळ. चेहऱ्यावर एकामागून एक लावल्याने ते होत नाही. खुशाल लावा.

माझ्या मते जोड्या बघणं हीच चुकीची सवय आहे. बघायची असते बेरीज. त्वचेचा वरचा थर सैल करणारे पदार्थ एकूण किती? सुगंधी तेलं एकूण किती? उन्हाला संवेदनशील करणारे किती? एकेक उत्पादन आपापल्या जागी सौम्य असतं, पण पाच सौम्य उत्पादनांची मिळून एक जहाल गोष्ट तयार होते. वनस्पतींच्या बाबतीत हे पटकन लक्षात येत नाही, कारण प्रत्येकाचं नाव वेगळं आणि निरागस असतं. ग्लायकॉलिक ॲसिड उसातून, मॅलिक सफरचंदातून, टार्टारिक द्राक्षातून, मँडेलिक कडू बदामातून. लेबलवर 'ऊस, लिंबू, संत्र्याचे अर्क' असं दिसलं की माणसाला फळांची परडी आठवते. त्वचेच्या लेखी ती सगळी अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडं, म्हणजे एकाच पंगतीतली मंडळी. त्यात पपईचं पपेन किंवा अननसाचं ब्रोमेलेन आलं की तेही सोलण्याचंच काम करतं, फक्त ॲसिडऐवजी प्रथिनं तोडून.

तुमच्या यादीत सोलणारा घटक तसा एकच, पपईचा मास्क. पण क जीवनसत्त्वाचं सीरम हेही ॲसिडच असतं. शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली ठेवावा लागतो. म्हणून मास्क लावलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी ते चुणचुणलं, तर नवल नाही. त्या सकाळी सीरमला सुट्टी.

निशिगंधा
आणि विलो बार्क? ते नैसर्गिक सॅलिसिलिक ॲसिड ना? तेही सोलणाऱ्यांतच धरायला हवं.

रसायनी
इथे जाहिरातवाल्यांनी हातचलाखी केलीय. विलोच्या सालीत असतं ते सॅलिसिन. पोटात घेतलं तर आतडी आणि यकृत मिळून त्याचं सॅलिसिलिक ॲसिड करतात. चेहऱ्यावर ना आतडी ना यकृत. त्यामुळे टोनरमधल्या अर्काकडून २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडच्या कामाची अपेक्षा ठेवू नका. त्याच हिशेबाने फार घाबरूही नका.

मात्र दोन गोष्टी. कित्येक उत्पादनांत पुढे मोठ्या अक्षरांत 'विलो बार्क' असतं आणि मागे यादीत खरंखुरं सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिड असतं. मग काम कोण करतंय ते उघड आहे, आणि ते सोलणाऱ्यांच्या खात्यात धरायचं. दुसरं, ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर विलो बार्कही नको.

पाऊलवाट
छान चर्चा. एक शंका : बाकुचिओल म्हणजे आपली बावचीच ना? मग महागाचं सीरम कशाला, बावचीचं तेलच लावलं तर?

रसायनी
नको! हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. पूर्ण धाग्यात एवढंच कोणी वाचलं तरी चालेल.

बाकुचिओल बावचीच्या बियांतूनच काढतात, बरोबर. पण त्याच बियांत सोरालेन आणि आयसोसोरालेन असतात. यांना यूव्हीए (उन्हातले एक प्रकारचे अतिनील) किरण लागले की ते पेशींमधल्या डीएनएला जाऊन चिकटतात. याच गुणाचा उपयोग कोड आणि सोरायसिसच्या उपचारात करतात, पण तिथे सोरालेन किती आणि किरण किती सेकंद हे डॉक्टर मोजून ठरवतात. चेहऱ्याला बावचीचं तेल चोळून उन्हात जाण्यात मोजमाप कसलंच नाही. भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे काळे डाग राहतात.

सीरममध्ये वापरतात ते शुद्ध केलेलं बाकुचिओल, ज्यातून सोरालेन काढून टाकलेले असतात. म्हणून लेबलवर 'बाकुचिओल' हे घटकाचं नाव स्वतंत्र लिहिलेलं हवं. नुसतं 'बावची अर्क' किंवा 'बावची बियांचं तेल' असेल तर ती वस्तू वेगळी. 'बावचीयुक्त, रेटिनॉलला (म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात त्या अ जीवनसत्त्वाच्या रूपाला) पर्याय' असं पुढे छापलेलं असलं तरीही मागचं वाचा.

चर्मचक्षु
रसायनींना अनुमोदन. मी त्वचारोग बघते. थोडी भर घालते.

बाकुचिओलबद्दल २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत एक अभ्यास आला होता. ४४ जण, १२ आठवडे. निम्म्यांना ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा, निम्म्यांना ०.५ टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारखेच कमी झाले. रेटिनॉलवाल्यांना सालं निघणं आणि चुणचुण जास्त झाली. अभ्यास लहान आहे, पण उत्साहवर्धक आहे. यावरून 'बाकुचिओल म्हणजे वनस्पतीचं रेटिनॉल' म्हणतात तेवढं खेचू नये, दोघांची रासायनिक रचना वेगळी आहे. आणि गरोदरपणात रेटिनॉइड (रेटिनॉल आणि त्याची भावंडं) बंद करायला सांगतो म्हणून बाकुचिओल आपोआप सुरक्षित ठरत नाही. तिथे पुरेसे अभ्यास नाहीत. त्या काळात जे लावायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

सोरालेनचे भाऊबंद लिंबूवर्गीय फळांतही असतात. बर्गमॉटच्या तेलातलं बर्गॅप्टेन हे त्यातलं प्रसिद्ध. लिंबाचा रस हाताला लागला, ऊन लागलं, तर दुसऱ्या दिवशी चट्टे उठतात. चोवीस तासांनी सुरुवात, दोनतीन दिवसांत कळस, मग तपकिरी डाग काही आठवडे किंवा महिनेसुद्धा. मध्ये एवढा वेळ जातो की कालच्या लिंबाशी आजच्या चट्ट्याचा संबंध पेशंटच्या लक्षातही येत नाही. चेहऱ्यावर ओघळांच्या आकाराचे चट्टे दिसले की मी पहिला प्रश्न लिंबाचाच विचारते.

शंकासुर
पण लिंबात क जीवनसत्त्व असतं असं सांगून लोक चोळतात त्याचं काय?

चर्मचक्षु
लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा तीन अंक म्हणजे हजारपट आम्लता. त्यात सोरालेनचे भाऊबंद फुकट. क जीवनसत्त्व हवं तर सीरम आहे ना.

मोगरा
मला जरा वेगळं वाटतं. मी कित्येक वर्षं सुगंधी तेलं वापरतेय, लव्हेंडर, टी ट्री, लेमन, सगळी. बदामाच्या तेलात मिसळून. कधी पुळी आली नाही. उगाच सगळ्याला भीती घालू नये. लिंबाचं तेलसुद्धा प्रत्येक जण थोडंच भाजून घेतो?

रसायनी
मोगरा, तुमचा मुद्दा काही अंशी रास्त आहे. लिंबाचं तेल कसं काढलंय यावर बरंच अवलंबून असतं. साल दाबून काढलेल्या तेलात हे प्रकाशाने चेतणारे घटक उतरतात. वाफेवर ऊर्ध्वपातन केलेल्यात ते जवळजवळ येत नाहीत, कारण ते जड असतात, वाफेबरोबर वर चढत नाहीत. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इफ्राने, त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलाला ०.४ टक्के आणि लिंबाच्या तेलाला २ टक्के मर्यादा घातलीय. मोसंबी-संत्र्याच्या जातीतल्या गोड संत्र्याच्या तेलाला या कारणासाठी मर्यादा नाही. म्हणजे सगळी सुगंधी तेलं एका माळेचे मणी नाहीत, हे मान्य.

पण एकाच वेळी दोनतीन लिंबूवर्गीय तेलं घालत असाल तर मर्यादाही वाटून घ्यायला लागते. पुन्हा बेरीजच.

चर्मचक्षु
आणि 'कधी काही झालं नाही' याबद्दल. ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, ती घडत जाते. शरीर तो पदार्थ पुन्हा पुन्हा बघतं, एक दिवस त्याला शत्रू ठरवतं, आणि एकदा ठरवलं की सहसा जन्मभर विसरत नाही. म्हणून वर्षानुवर्षं चाललेलं तेल अचानक चालेनासं होतं, आणि पेशंट म्हणतो, 'हे तर मी कायमच लावतो, हे असणं शक्य नाही.'

त्यातून लव्हेंडरमधलं लिनालूल आणि लिंबूवर्गीयांतलं लिमोनीन हवेशी संपर्क आला की ऑक्सिडाइझ होतात. ताजं असताना ते बरेचसे गरीब असतात, पण हवेने तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं ॲलर्जीला जोरदार आमंत्रण देतात. टी ट्रीचंही तेच. जुनी, अर्धी रिकामी, सतत उघडझाप होणारी बाटली ही नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देणारी. टी ट्रीला गुण नाही असं नाही. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ५ टक्के टी ट्री जेलची मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी, ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडशी, तुलना झाली. टी ट्रीचा परिणाम हळू दिसला, पण पुरळ दोन्हींनी कमी झालं आणि टी ट्रीवाल्यांना त्रास कमी झाला. पण ते ५ टक्क्यांचं जेल होतं. लोक थेट बाटलीतून बोटावर घेऊन पुळीवर टेकवतात, ते नको.

युरोपीय संघाच्या नियमांत त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात असा सुगंधी घटक ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर त्याचं नाव लेबलवर वेगळं द्यावं लागतं. म्हणून यादीच्या शेवटी लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल अशी रांग दिसते. ती कोणी वेगळी ओतलेली नसतात, बहुतेक वेळा सुगंधी तेलाबरोबर आलेली असतात.

मोगरा
हे माहीत नव्हतं, जुन्या बाटल्यांचं. तारखा बघते. तरी लव्हेंडर सोडणार नाही हं.

रसायनी
सोडू नका, उशाशी ठेवा. वासाचं काम नाकाशी, त्यासाठी गालावर कशाला?

केवडा
माझी त्वचा फार नाजूक आहे. म्हणून मी मुद्दाम सगळं 'शांत करणारं' घेतलंय : कॅमोमाइलचं फेसवॉश, कॅलेंड्युलाचं क्रीम, अर्निकाचं बाम. तरी कानापाशी आणि पापण्यांवर खाज येतेच. यात तर ॲसिड एकही नाही.

चर्मचक्षु
केवडा, ही तिन्ही एकाच कुळातली आहेत, सूर्यफुलाच्या. शेवंती, झेंडूही त्याच गोतावळ्यातले. या कुळातल्या अनेक वनस्पतींत सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाचे पदार्थ असतात. एकाची ॲलर्जी झाली की दुसऱ्याशीही शरीर तसंच वागू शकतं. 'नाजूक त्वचेसाठी' म्हणून खपणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा याच कुळातून येतात, म्हणून हा फास लक्षात येत नाही. पापण्यांची त्वचा पातळ, त्यामुळे तक्रार तिथूनच सुरू होते.

तिन्ही एकदम बंद करा, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर ठेवा. कमी झालं नाही किंवा पुन्हा उपटलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पाठीवरची पॅच टेस्ट करून घ्या. इंटरनेटवर याचं निदान होत नाही, माझ्याकडूनसुद्धा.

असंच आणखी एक गोत्र आहे : प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक), पेरू बाल्सम (एका झाडाचा सुगंधी चीक), दालचिनी, लवंग, व्हॅनिला. एकाने त्रास दिला तर बाकीच्यांकडे संशयाने बघा. आणि रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी पपईच्या एन्झाइमपासून चार हात लांब राहावं.

निशिगंधा
पॅच टेस्ट घरी करतात ती कशी करायची? मी मनगटावर थोडं लावून तासाभराने बघते.

चर्मचक्षु
तासाभरात फार तर जळजळ कळेल, ॲलर्जी नाही. ती उगवायला एक ते तीन दिवस लागू शकतात, कधी त्याहून जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. धुवून टाकायचं उत्पादन असेल तर जितका वेळ चेहऱ्यावर ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा.

साधारण ओळख अशी : लावल्या लावल्या आग, जिथे लावलं तिथेच लाली, बंद केल्यावर लवकर शांत, ही बहुधा जळजळ. उशिरा येणारी, खाजणारी, लावलेल्या जागेच्या बाहेर पसरणारी ती बहुधा ॲलर्जी. जळजळीत प्रमाण आणि वारंवारता कमी करून तोच घटक पुढे चालू शकतो. ॲलर्जीत प्रमाण कमी करून उपयोग नाही, तो घटक कायमचा सोडायचा.

आणि 'त्वचा आतली घाण बाहेर टाकतेय, थोडं सहन करा' हे ऐकू नका. एरवी जिथे पुळ्या येत नाहीत तिथे खाजरं पुरळ आलं, तर तो उत्पादनाचा निषेध समजा.

पाऊलवाट
घरी केलेल्या गोष्टींचं काय? कोरफडीचा गर थेट पानातून काढून सीरममध्ये मिसळला तर?

रसायनी
थेट पानातून गर घ्यायचा असेल तर कापलेलं पान आधी उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या. त्यात ॲलॉइन असतं, ते त्वचेला झोंबतं. आतला पारदर्शक गर तेवढा घ्या, लावा, उरलेला टाका.

तयार सीरममध्ये मात्र काहीच मिसळू नका. प्रत्येक फॉर्म्युल्यात पीएच आणि प्रिझर्व्हेटिव्ह एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. त्यात तुम्ही गर, गुलाबपाणी किंवा ग्रीन टीचा काढा ओतलात की प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं, पीएच सरकतो, आणि वर जंतूंना खाऊपिऊ मिळतं. वास न येता, रंग न बदलता जंतू वाढलेले असू शकतात. ई जीवनसत्त्वाने हे थांबत नाही. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंचं ते काही वाकडं करत नाही. हा गोंधळ मी अगदी विकायला ठेवलेल्या बाटल्यांवरही पाहिलाय.

बरं, निशिगंधा, मूळ प्रश्न राहिला. अझेलेइक ॲसिड नावात ॲसिड असलं तरी अल्फा हायड्रॉक्सीवाल्यांसारखं सोलत नाही, डाग आणि मुरुमं दोन्हींना चालतं, आणि बाकीच्यांशी सहसा भांडत नाही. (गहू-बार्लीत असतं म्हणून वनस्पतिजन्य म्हणायचं. कारखान्यात ते ओलेइक ॲसिडपासून करतात. त्वचेला फरक पडत नाही.) पहिले काही आठवडे खाज-चुणचुण होऊ शकते. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन सौम्य, कोणाच्याही शेजारी बसतं, पण एकट्याने फार मोठा पराक्रम करेल असं नाही.

मी असतो तर सकाळी सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं, यूव्हीए रोखणारं, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढं. डाग घालवायचे आणि सनस्क्रीन नाही, हे गळक्या रांजणात पाणी भरणं आहे. रात्री टोनर काढून टाकायचं, त्याचा उपयोग तसाही बेताचा. बाकुचिओल आणि रोझहिप ठेवायचं, लव्हेंडर वगळून. हे सगळं शांतपणे चालतंय असं बघून मग अझेलेइक एक दिवसाआड सुरू करायचं. ज्या रात्री पपईचा मास्क त्या रात्री त्याच्यानंतर फक्त मॉइश्चरायझर. दोन नव्या गोष्टी एकाच आठवड्यात आणू नका, नाहीतर बिघडलं तर आरोपी कोण ते कळणार नाही.

चर्मचक्षु
बाकुचिओल आणि अझेलेइक एकाच रात्री चालतील, पण पहिले काही आठवडे वेगवेगळ्या रात्री ठेवलेलं बरं. आणि पुढेमागे ग्लायकॉलिकच्या वाटेला गेलात तर लक्षात ठेवा, त्याने वाढलेली उन्हाची संवेदनशीलता थांबवल्यावरही आठवडाभर राहते.

निशिगंधा
खूप खूप आभार दोघांचे. शेवटचं एक विचारते. रोझहिप तेलाला हल्ली रंगाच्या डब्यासारखा वास येतोय. चालेल का अजून?

रसायनी
खवट झालंय. रोझहिपमध्ये लिनोलेइक आणि लिनोलेनिक ॲसिड भरपूर, ती हवेने फार लवकर बिघडतात. पुढची बाटली लहान घ्या, गडद काचेची, आणि फ्रिजमध्ये ठेवा.

निशिगंधा
मग ही टाचांना लावून संपवू?

चर्मचक्षु
टाचाही तुमच्याच आहेत हो. टाकून द्या.

शंकासुर
दाराच्या बिजागरीला?

रसायनी
तिलाही नको. हे तेल वाळून चिकट होतं, दार अडकून बसेल.